जिन्यातली धाप

लोहखनिजाच्या खाणीवर दगड फोडायचं अजस्र यंत्र होतं. ते चालवणाऱ्या माणसाला सगळे 'भोंगा' म्हणत. यंत्राच्या खडखडाटातही त्याची हाक पार ट्रकांच्या रांगेपर्यंत पोचायची, म्हणून. तांबडे धोंडे जबड्यात ढकलायचे आणि उडेल ती धूळ नाकातोंडात घ्यायची, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल विटेच्या रंगाचा व्हायचा. बायको म्हणायची, "आज पुन्हा अर्धी खाण घरी आणलीत!" दोघं हसायची. हल्ली हसलं की त्याला खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे घरातली थट्टामस्करी आपोआप कमी झाली होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. म्हाताऱ्या आईचे गुडघे केव्हाच गेलेले. दर रविवारी तो तिला पाठीवर घेऊन खाली अंगणातल्या बाकावर उन्हाला बसवायचा. शेजारी म्हणायचे, "निघाला श्रावणबाळ!"

"श्रावणबाळ कसला, हमाल आहे," आई पाठीवरून म्हणायची. "आणि तोही कुरकुऱ्या."

त्या रविवारी वर येताना मात्र गडबड झाली. गेले कित्येक महिने तो प्रत्येक वळणावर काही ना काही निमित्त काढून थांबायचा. कधी चप्पल सरळ कर, कधी कुणाच्या दारात डोकावून चौकशी कर. आज निमित्त सुचायलाही श्वास उरला नव्हता. पाय धड होते, छातीच साथ देईना. त्याने आईला कशीबशी पायरीवर टेकवली आणि भिंतीला डोकं लावून तो शेजारी बसला. तोंड उघडं, खांदे वरखाली.

आईने त्याचा हात धरला. मग म्हणाली, "दर रविवारी तुझ्या पाठीला कान लावून असते मी. आत जातं फिरल्यासारखी घरघर वाजते. कधीपासून?"

"थंडीपासून."

"मागच्या थंडीपासून?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"अरे, कुठल्या?"

"त्याच्या मागच्या."

"मी एवढी थेरडी, आणि धाप तुला," आई म्हणाली. आवाज चिडका होता, पण तिने त्याचा हात धरला होता तो सोडला नाही.

वाट पाहून बायको खाली आली, तर मायलेकरं वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी पायरीवर बसलेली. सासूला एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने, आणि तिघं रखडत वर पोचली.

खाणीच्या दवाखान्यात कुठल्याही खोकल्याला एकच लाल औषध मिळायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी बायको त्याला गावातल्या छातीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. डॉक्टरणीने एक्स-रे उजेडावर धरला.

"हे ठिपके लोखंडाचे. नुसते एवढेच असते तर मला फारशी काळजी वाटली नसती. पण तुमच्या दगडात गारगोटीही असते. तिची बारीक धूळ फुफ्फुसात रुतते आणि तिथे वण पडतात. हा सगळा भाग कडक झालाय."

"तोंडाला फडकं बांधायचो की मी."

"डोळ्यांना दिसते ती धूळ फडक्याने थोडीफार अडते. खोल जाते ती दिसतच नाही."

"औषधाने वण जातील ना?" बायकोने विचारलं.

"नाही जात. धाप कमी वाटायला औषध देते. पण आधी धूळ बंद. मग दुखणं कदाचित हळू वाढेल." 'कदाचित' हा शब्द तिने चाचरत उच्चारला.

त्याला भीती वाटायला हवी होती. पण वाटलं एवढंच, की आता कुणापासून लपवायला नको. लपवूनच तो जास्त दमला होता.

मुकादम भला माणूस निघाला. त्याने भोंग्याला वजनकाट्याच्या काचबंद केबिनमध्ये बसवलं. जाणाऱ्या ट्रकमधून ड्रायव्हर ओरडायचे, "भोंग्या, आवाज टाक की!" तो आतून नुसता हात हलवायचा.

तळमजल्यावरची खोली रिकामी होती. तिथे राहायला जाऊ या, असं त्याने सुचवलं.

"तिच्या दारावरून खनिजाचे ट्रक जातात," बायको म्हणाली. "आगीतून उठून फुफाट्यात जायचंय का?"

आईने तर जाहीरच केलं, "मला आताशा ऊन सोसत नाही. खाली न्यायचं नाव काढू नका." ही शुद्ध थाप होती. खिडकीतून फरशीवर उन्हाचा हातभर तुकडा पडायचा आणि तो सरकेल तशी म्हातारी दिवसभर खुर्ची सरकवायची.

मग एका रविवारी बायको बादल्या आणि खराटा घेऊन गच्चीवर गेली. गच्ची त्यांच्या डोक्यावरच होती, एकच जिना. पण तिथे धुळीचा तांबडा थर असायचा, म्हणून कुणी फिरकत नसे. तिने ती घासून धुऊन काढली आणि घामाघूम होऊन दारात उभी राहिली. "चला."

तो आईपुढे वाकला. "बस पाठीवर."

"उठ आधी," आई म्हणाली. "पायरीपर्यंत पोचवा मला. पुढचं मी बघते."

ती पायरीवर पाठमोरी बसली, दोन्ही हात मागे टेकले आणि अंग उचलून वरच्या पायरीवर सरकली. मग त्याच्या वरच्या. तो खालून तिचे पाय सावरत एकेक पायरी चढत होता.

"आई, साडीचं पोतेरं होतंय."

"धुवायला तुझी बायको आहे."

"ऐकू येतंय मला!" वरून बायको ओरडली.

अर्ध्यावर दोघंही थांबली.

"दमलास?"

"तू?"

"मी म्हातारी आहे. मला शोभतं."

गच्चीवर ऊन लख्ख होतं. समोरचा डोंगर एका बाजूने पार खाल्ला गेला होता. खालच्या अंगणातून तो दिसत नसे, त्यामुळे आईने इतक्या वर्षांत तो पाहिलाच नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली. भोंगा कठड्याला टेकला आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागला. छातीतली घरघर झोपेतही चालू होती.

बायको त्याला उठवायला गेली, तशी आईने तिला खुणेनेच अडवलं. उतरायलाही तेवढाच दम लागणार होता.