पंपाचं पथ्यपाणी

"टाकी भरलीस की हे एक टोपण त्यात ओतायचं. काठोकाठ भरून. आणि कुणाजवळ बोलायचं नाही. दादाजवळ तर मुळीच नाही, तो हसेल."

अप्पांनी हे सांगितल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तरी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं की धाकटीला ते जसंच्या तसं ऐकू यायचं, 'काठोकाठ' या शब्दावर त्यांनी दिलेल्या जोरासकट. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. चाळिशी ओलांडली, चष्मा लागला, तरी ती धाकटीच.

अप्पांचे गुडघे थकले आणि त्यांनी घरच्या लाँड्रीच्या पिकअपची किल्ली तिच्या हातात ठेवली, त्या दुपारची ही गोष्ट. किल्लीबरोबर एक हिरव्या ऑइलची बाटलीही ठेवली. जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर घालायचे ना, तेच ऑइल.

"आधीच्या दोन गाड्यांचे पंप म्हणजे म्हशी होत्या," अप्पा म्हणाले होते. "काहीही घाला, रवंथ करत चालायच्या. या गाडीचा पंप वेगळा. डिझेलला एवढा दाब देतो की बोट मध्ये आलं तर आरपार जाईल. पण प्रकृती नाजूक. याला वंगण म्हणून वेगळं काही मिळत नाही, डिझेल हेच त्याचं वंगण. डिझेल कोरडं, तेलकटपणा नसलेलं निघालं की हा आपलीच हाडं घासत बसतो. मग तो चुरा पुढे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो. एकटा मरत नाही हा, सगळ्या खानदानाला घेऊन जातो. म्हणून हे टोपणभर पथ्य."

धाकटीनं शब्द दिला. आणि तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिनं ती बाटली सीटच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली आणि दर टाकीला एक टोपण अगदी नेमानं ओतत गेली.

तिला ती गाडी प्राणापलीकडे प्रिय होती, आणि त्याला कारण होतं. त्याआधी अठरा वर्षं ती कापडं दाबायच्या मोठ्या रोलरसमोर उभी होती. हॉस्पिटलच्या चादरी एका बाजूनं ओल्या जायच्या, दुसऱ्या बाजूनं कडक होऊन यायच्या, आणि मध्ये धाकटी वाफेत शिजायची. रोलरच्या खोलीला खिडकी होती, पण ती भिंतीसमोर उघडायची. पिकअपला मात्र तीन बाजूंनी काचा होत्या आणि एकीतही भिंत दिसत नव्हती. सिग्नलला थांबलं तरी तिला कसं बरं वाटायचं.

आणि मग गाडी धूर ओकायला लागली.

आधी नुसती सुरू करताना, निळसर पांढरा, चोरट्यासारखा. मग चढावर. मग कुठेही. महिनाभरात अशी पाळी आली की गल्लीत गाडी वळली की समोरची शिंपीण दोरीवरचे कपडे काढून आत न्यायची आणि वर ओरडायची, "आली गं बाई तुमची आगगाडी!"

ते एकवेळ चाललं असतं. पण धूर मागच्या ताडपत्रीतून आत शिरायचा आणि धुतलेल्या चादरींना बिलगून बसायचा. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी एक चादर परत पाठवली. तिला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती: 'आमच्या पेशंटना स्वतःचे आजार आहेत. त्यांना गॅरेजमध्ये झोपल्यासारखं वाटता कामा नये.'

दादानं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि जाहीर केलं, "पंप गेला."

"कशावरून?" धाकटीनं विचारलं.

"हे नवे पंप जातातच. सगळे म्हणतात."

"सकाळच्या गारठ्यात पहिल्या फटक्यात सुरू होते. चढावर एक आचका देत नाही. पंप गेलेली गाडी अशी चालते होय?"

"धूर दिसतो ना? मग झालं तर. विकून टाकू, मागणी आहे तोवर. पुढे भाड्याचा टेम्पो लावू, ड्रायव्हर त्यांचाच येतो." आणि मग उदार चेहऱ्यानं, "तू आपली परत रोलरवर. तिथे तुझा हात बसलाय."

  त्या दिवशी टाकी भरताना धाकटीच्या मनात आलं की पंपाला खरंच अशक्तपणा आला असेल, तर एका टोपणानं काय होणार? तिनं दोन ओतली. पुढच्या वेळी अडीच.

धूर वाढला. तिनं तीन केली.

शेवटी दादानं पंपाच्या डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत. आयुष्यभर डिझेलचे पंप उघडले आणि मिटले, म्हणून गावानं दिलेली पदवी. बुटके, बोटं काळी, शर्ट मात्र पांढराशुभ्र. तो याच लाँड्रीत धुतलेला. दादाचा हेतू साधा होता. डॉक्टरांच्या तोंडून 'गेला' एवढं वदवून घ्यायचं आणि गाडीला गिऱ्हाईक बघायचं.

सकाळी दहाला लाँड्रीच्या अंगणात सगळं घर जमलं. दादा कमरेवर हात ठेवून. वहिनी उशांच्या अभ्र्यांची चळत छातीशी धरून. धाकटी गाडीच्या दाराला टेकून, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तशी. आणि अप्पा नेहमीच्या खुर्चीत, फाटके अभ्रे शिवत.

डॉक्टरांनी फिल्टर काढला, त्यातलं डिझेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं आणि खिशातून लोहचुंबक काढलं. ते मलमलीच्या चिंधीत गुंडाळून ट्रेच्या तळाशी संथपणे फिरवलं. सगळे वाकले.

"पंप घासला जात असता तर इथे चकाकी दिसली असती. लोखंडाची बारीक भुकटी," डॉक्टर म्हणाले आणि चिंधी उन्हात धरली. "बघा. काही आहे?"

काही नव्हतं. 

"या वयाचा इतका ठणठणीत पंप मी पाहिला नाही," डॉक्टर म्हणाले. "माझी तब्येत अशी असती तर मी दुसरं लग्न केलं असतं."

"काकूंना सांगू?" वहिनी म्हणाली.

"नको. मग तब्येत राहायची नाही."

दादाला हसू आलं नाही. "मग धूर कसला?"

डॉक्टरांनी टाकीतलं डिझेल काचेच्या बरणीत घेतलं आणि डोळ्यांसमोर धरलं. ते शेवाळलेल्या तळ्यासारखं हिरवं होतं. त्यांनी वास घेतला, बोटांवर चोळलं, पुन्हा वास घेतला.

"हे डिझेल आहे की डोक्याला लावायचं तेल? कोण ओततंय यात ऑइल?"



"आमच्याकडे असले प्रकार चालत नाहीत," दादा जरा मोठ्यानंच म्हणाला आणि भिंतीवरच्या मीटरकडे बघू लागला. वहिनीनं अभ्रे मोजायला घेतले. धाकटीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. नाही म्हणायचं तर ते खोटं, हो म्हणायचं तर अप्पांना दिलेला शब्द मोडतो. तिनं हळूच अप्पांकडे बघितलं. अप्पा सुईत दोरा ओवत होते. सगळा जीव त्या सुईच्या नेढ्यात गोळा झालेला.

"कुणीच ओतत नाही?" डॉक्टर बरणी खाली ठेवत म्हणाले. "मग तुम्हाला डिझेलच भेसळीचं मिळतंय. आज पंप बरा आहे, पण असल्या डिझेलवर तो किती टिकेल याची खात्री मी देणार नाही."

"ऐकलंस?" दादा धाकटीकडे वळला. "विकू या. मी आजच बोलतो."

धाकटीला डोळ्यांसमोर भिंतीकडे उघडणारी खिडकी दिसली. एकीकडे तोंडातून न काढायचा शब्द, दुसरीकडे बिचाऱ्या पंपावर उगाच आलेला आळ. तिनं मनातल्या मनात अप्पांची माफी मागितली.

"मी ओतते," ती म्हणाली. "दर टाकीला एक टोपण. आता... तीन."

दादा हसेल असं तिला वाटलं होतं. दादा हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

"तुला कुणी सांगितलं?"

"ते मी सांगणार नाही."

"हिरवी बाटली? पांढरं टोपण?"

"तुला काय ठाऊक?"

दादा घसा खाकरत गाडीकडे गेला. जॅक ठेवायचा कप्पा उघडला, पान्यांच्या खाली हात घातला आणि हिरवी बाटली बाहेर काढली. जवळजवळ रिकामी.

"तीन महिने झाले, रोज सकाळी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तू उठायच्या आत. एक टोपण. धूर दिसायला लागला तेव्हापासून दोन."

"रोज?" धाकटी किंचाळली. "अरे, टाकी भरल्यावर घालायचं! रोज कशाला?"

"रोज म्हणाले नव्हते, पण मला वाटलं, नेम म्हटला की तो रोजचाच. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

"मी हसणार होते? मला सांगितलं होतं, तू हसशील म्हणून!"

इतक्यात अभ्र्यांची चळत खाली पडली. वहिनी पदरात तोंड खुपसून थरथरत होती. रडतेय की काय म्हणून धाकटी पुढे झाली, तर बाईसाहेब हसत होत्या.

"वन्सं, माझी बाटली खळीच्या डब्यामागे आहे," ती कशीबशी म्हणाली. "गाडी हॉस्पिटलातून परत आली की मी घालते. दमून आलेली असते ना. मला म्हणाले, सूनबाई, या दोघांवर माझा भरवसा नाही, तुझ्यावर आहे."

"मलाही भरवसा तुझ्यावरच आहे म्हणाले होते," धाकटी म्हणाली.

"मलाही," दादा म्हणाला.

डॉक्टर बोटांवर टोपणं मोजत होते. त्यांनी बरणी पुन्हा उन्हात धरली आणि मान हलवली.

"तिघांचं धरूनही एवढा गडद रंग येत नाही. अजून एकजण आहे."

तीन माना एकाच वेळी खुर्चीकडे वळल्या.

"कुणीतरी ही सुई ओवून द्या रे," अप्पा म्हणाले. "दिसत नाही आताशा."

"अप्पा!"

अप्पांनी सुई अभ्र्याला टोचली, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "तीन जणांना सांगितलं. तिघांतला एक तरी ऐकेल, असा माझा अंदाज होता."

"आणि तुम्ही स्वतः का ओतत होता?" दादानं विचारलं.

"एकही ऐकणार नाही, असाही अंदाज होता."

पंपाच्या डॉक्टरांना ट्रे खाली ठेवावा लागला, इतके ते हसले. "अहो, टाकीला एक टोपण बेताचं होतं. तुम्ही पंपाला अभ्यंगस्नान घातलंत! म्हणून पंप पैलवान झाला आणि जास्तीच्या ऑइलचा धूर चादरींना लागला."

"आणि धूर दिसल्यावर तरी बोलायचं," धाकटी अप्पांना म्हणाली. "मला रोलरवर पाठवायला निघाला होता हा."

 अप्पा हळू आवाजात म्हणाले, "बोललो असतो तर तुमच्यातल्या कुणावरच माझा विश्वास नव्हता, हे कळलं असतं. आणि तुम्ही तर सगळेच शब्दाचे पक्के निघालात. लाज वाटली गं."

 वहिनीनं खाली वाकून अभ्रे गोळा केले.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. मेट्रनबाई. दादा दहा पावलं दूर जाऊन बोलला, पण बाईंचा आवाज फोनमध्ये मावणारा नव्हता. "आज पाठवूच नका. मी दुसऱ्या लाँड्रीला सांगतेय." दादा नुसता "हो बाई, हो बाई" करत राहिला.

धाकटीनं जाऊन त्याच्या हातातून फोन घेतला. असं तिनं जन्मात केलं नव्हतं.

"मेट्रनबाई, मी गाडीवाली बोलतेय. दोष सापडलाय. आज चार वाजता चादरी तुमच्या दारात येतील. तुम्ही स्वतः वास घ्या. डिझेलचा वास आला तर एकही चादर उतरवू नका, मी आल्या पावली परत जाईन. पण चारला येणार. शब्द देते."

 "चार म्हणजे चार," बाई म्हणाल्या आणि फोन बंद.

"आणि बाईंनी नाक मुरडलं तर?" दादानं विचारलं.

"तर उद्यापासून तुझा टेम्पो, आणि मी रोलरवर. तक्रार करणार नाही."

मग एकच धावपळ उडाली. डॉक्टरांनी टाकी रिकामी केली. ते हिरवं प्रकरण कॅनमध्ये भरून घेतलं, म्हणाले, माझ्या जनरेटरला थोडं थोडं पाजीन, तो काही तक्रार करणारा नाही. दादा सायकलवरून ताज्या डिझेलचे कॅन घेऊन आला. नवा फिल्टर बसला. लगेच किल्ली फिरवायची नाही, पंप कोरडा फिरेल, हे धाकटीला ठाऊक होतं. ती डिझेल पुढे ढकलणारा फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत राहिली. साठ वेळा, सत्तर वेळा, तो बोटाखाली टणक लागेपर्यंत. अंगठा सुजला. मग गाडी सुरू करून अर्धा तास तशीच चालू ठेवली. आधी धूर आला, मग विरत गेला, मग दिसेनासा झाला.

वहिनीनं एक पांढरा अभ्रा धुराड्याच्या तोंडाशी धरला, मनात वीस आकडे मोजले आणि नाकाला लावला.

"काय येतंय?" सगळ्यांनी विचारलं.

"साबणाचा," वहिनी म्हणाली. तिनं परत हुंगला. "नाही म्हणायला अगदी किंचित... नाही. साबणाचाच."

चादरींचे गठ्ठे मागे चढले. ताडपत्री दुहेरी घातली गेली. तोवर अंगणात नवाच वाद पेटला होता. यापुढे टाकीला एक टोपण कुणी ओतायचं? दादा म्हणत होता, मी, कारण मी एक दिवसही चुकलो नाही. वहिनी म्हणत होती, चुकला नाहीत म्हणूनच तुम्ही नको. अप्पांचं म्हणणं, दोघांना नेमावं, म्हणजे एकावर लक्ष राहील. डॉक्टर न्याय करायला बसले होते आणि चहाची वाट बघत होते.

धाकटीनं घड्याळ बघितलं. चाराला वीस मिनिटं कमी. ती कुणालाही काही न बोलता गाडीत चढली, दार आवाज न होऊ देता ओढून घेतलं आणि काच खाली केली. गाडी फाटकातून बाहेर पडली. समोर शिंपीण सवयीनं दोरीकडे धावली आणि दोरीजवळ पोचल्यावर हात वर तसाच ठेवून बघत राहिली. धाकटीनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला घातली.