थर्स्टनचा न उतरणारा ताप

धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून चालवून घ्यावं लागत होतं. एरवी हेस्टर आल्मीने थर्स्टनला दारात उभं केलं नसतं. गोचिडींच्या दिवसांत बेटावरचं शेंबडं पोरही मोजे विजारीवर ओढून झुडपांत शिरतं. हा बाबा उघड्या पायांनी बेरी तोडायला गेला. मांडीवर लाल कडं उठलं. डॉक्टरने गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचं निदान करून गोळ्या दिल्या. कडं विरलं, पण थर्स्टनचं कण्हणं वाढलं.

लाइम काय, बेटावर घरोघरी होऊन गेलेला. हेस्टरने तर तो अंगावर असताना बोट रंगवली होती. हा चादरी घामाने भिजवतो, जिना चढताना धापा टाकतो, असं बहीण व्हर्ना सांगू लागली की ती नाक मुरडायची. लाकडं फोडायची वेळ आली की याला काहीतरी होतंच, असं तिने चर्चच्या जेवणात चारचौघांत ऐकवलं. लोक हसले. थर्स्टनने शिंपल्यांच्या सूपचा वाडगा खाली ठेवला, बाहेर गेला आणि पायरीवरच कोसळला.

हेही नाटकच, असं हेस्टरला वाटलं. मग त्याचे पिवळे डोळे दिसले.

डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्याच गोचिडीने बबेसिओसिस नावाचा दुसराही रोग दिला होता. मलेरियासारखे परजीवी तांबड्या पेशी फोडत होते आणि लाइमच्या गोळ्यांना ते दाद देत नव्हते. त्यात बोटीवरच्या जुन्या अपघातानंतर थर्स्टनची प्लीहा काढून टाकलेली, त्यामुळे अशा रोगाशी लढायची ताकदच अंगात कमी.

ताप उतरत नव्हता तर परत का आला नाहीत, असं डॉक्टरने विचारलं.

"लोक हसतात," व्हर्ना म्हणाली. तिने बहिणीकडे पाहिलं नाही.

थर्स्टनला विमानाने मुख्य भूमीवरच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे त्याचं रक्त बदललं, वेगळी औषधं दिली. तो वाचला.

हेस्टर भेटायला गेली ती माफी मागायची म्हणूनच. पण उशांमध्ये रुतलेला तो हडकुळा चेहरा पाहून तिची जीभ जुन्याच वळणावर गेली.

"नेभळट तर तू आहेसच. पण त्या दिवशी मला गप्प बस म्हणायला काय झालं होतं?"

"तुला?" थर्स्टन म्हणाला. "त्यापेक्षा ताप परवडला."

मरायला टेकला तरी हा माणूस एका बाईला उलटून बोलला नाही, याचा हेस्टरला मनापासून तिटकारा आला. त्या बाईचा त्याहून जास्त. ती खुर्ची ओढून बसली आणि व्हर्ना येईपर्यंत उठली नाही.