कपाळावरचा गेरू

सृष्टीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, कपाळावर उजव्या बाजूला फोड उठले तेव्हा आमच्याकडे हळद शिजत होती. तिला वाटलं, कढईच्या वाफेनं भाजलं. मी पाहताच ओळखलं, नागीण. नागिणीवर गेरू लावायचा मान आमच्या घराकडे आजोबांपासून आहे. शिरड शहापूरच्या आसपासच्या गावांतून लोक येतात. पैसा घ्यायचा नाही, आणि गेरू लावून घरी परतल्यावर रोग्यानं पाच दिवस आपल्या गावची शीव ओलांडायची नाही, असा नेम.

सृष्टीला दोन वर्षांपूर्वी तिच्या आईची किडनी बसवली. अंगानं ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या असतात. त्या गोळ्यांनी रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, काही झालं की लगेच या, असं नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं.

"मामा, नांदेडला जाऊन येऊ का?" मी कपाळावर गेरू लावत होतो तेव्हा तिनं विचारलं.

"गेरू लागल्यावर शीव ओलांडू न्हाई, माय. नागीण उलटती."

चुलीजवळून चतुराबाई, माझी बायको, म्हणाली, "घरचीच सून दवाखान्यात गेली तर लोक तुमच्याकडं काहून येतील, हेच ना?"

"तू गप बस."

ती खरं बोलली होती, म्हणून मी ओरडलो.

तिसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर फोड आला, डोळा लाल झाला. चौथ्या दिवशी सृष्टी म्हणाली, समोरचं धुरकट दिसतं. मी गेरूचा थर वाढवला.

पाचव्या दिवशी माझा मुलगा, सृष्टीचा नवरा विश्वंभर बाहेरगावच्या कामावरून घरी आला. तिला पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "आबा, तुमाला सांगितलं होतं ना डॉक्टरनं?" तसाच तिला नांदेडला घेऊन निघाला. मीही मागं गेलो.

डॉक्टरीणबाईंनी सृष्टीची फाईल चाळली, मग डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. "नागिणीचा विषाणू डोळ्यात शिरलाय. पहिल्याच दिवशी यायचं होतं. हे कुणी फासलं?"

विश्वंभरनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत सृष्टी म्हणाली, "मीच, मॅडम."

"शिकलेली ना तू? आईनं किडनी दिली ती याच्यासाठी?"

बाकड्यावरची माणसं वळून पाहू लागली. सृष्टीनं मान खाली घातली. अजूनही मला बोलता आलं असतं. मी भिंतीवरचा तक्ता पाहत उभा राहिलो.

सलाईनमधून औषध गेलं, फोड वाळले. उजव्या डोळ्याची नजर मात्र गेली ती गेलीच. आता चहा ओतताना ती आधी कपाला बोट लावून पाहते.

महिन्याभरानं भीमराज नावाचा माणूस बायकोला घेऊन दारात आला. बाईच्या कमरेवर फोड होते.

"तुमच्या सुनेची नागीण पाच दिवसांत उतरवली म्हणं. मोठं नाव ऐकलं, काका."

गावात असं बोललं जात होतं. ते मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला अडवलं नव्हतं. सृष्टी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती.

"न्हाई उतरवली," मी म्हणालो. "तिचा डोळा मी घालवला. दवाखान्यात जाऊ दिलं न्हाई मी तिला. तुमी आत्ताच वसमतला जा."

भीमराज बायकोला घेऊन जायला वळला. मला मान वर करवेना.

सृष्टी पुढं आली. "मामा, त्यांना पाणी तरी पिऊ द्या. वसमतच्या बसला अजून येळ हाय."