खडक अजून खाली आहे

मुसेम्बीच्या माणसाने नदीच्या पात्रात पहिली खुंटी ठोकली, तेव्हा कवुथा कमरेइतक्या खड्ड्यात उतरून भोपळ्याच्या वाटीने पाणी उपसत होती. नदीला वर पाणी कसलं ते नव्हतंच. पावसाचे दिवस सरले की ते वाळूच्या पोटात दडायचं, आणि बायका वाटीवाटीने डबे भरून गाढवांवर लादायच्या. दोन महिन्यांनी हा खड्डाही आटणार, मग दोन कोस खालचा डोह गाठायचा. इथं बंधारा झाला तर वाळू अडेल, वाळूत पाणी राहील, डोहाची वाट सुटेल. सरकारने बंधारा मंजूर केला होता. बायकांच्या गटानेही कामासाठी निविदा भरली होती, आणि सगळ्या उत्तराची वाट बघत होत्या.

खुंट्या कसल्या म्हणून कवुथाने विचारलं. काम शहरातल्या मुसेम्बी कंपनीला मिळालं, असं त्या माणसाने सांगितलं. पंधरा दिवसांत उरकणार, पाया दोन हात खणला की झालं.

"दोन हातांवर काय हाय?" कवुथाने विचारलं.

"खडक. आमच्या मालकानं सोता मोजलाय. तू आपली वाटी भर, माय."

कवुथा हळू बोलणारी बाई. तिने वाटी भरली, डब्यात ओतली आणि म्हणाली, "लेकरा, वाळूवर घर बांधनाऱ्याची गोष्ट तुमच्या देवळात पाद्री वाचत न्हाईत व्हय?"

खड्ड्याभोवतीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो मात्र दुसरी खुंटी ठोकू लागला.

बारा वर्षांपूर्वी याच बायकांनी वरच्या वळणावर एक बंधारा बांधला होता. खणताना खाली काळी चिकणमाती लागली. पहारीखाली ती दगडासारखी खणखणली. खडक लागला म्हणून सगळ्या नाचल्या आणि तिच्यावरच भिंत चढवली. पहिल्या पुरात भिंत जागची हलली नाही, पण तिच्या खालून पाणी चोरासारखं निसटून गेलं. आज तिच्या सावलीला शेळ्या बसतात. 'शेळ्यांचा बंधारा' हे नाव कवुथाच्या काळजात काट्यासारखं रुतलेलं. तेव्हापासून त्यांनी लोखंडाची लांब सळई केली. वाळूत खुपसायची, चिकणमातीतून पार करायची, टोक खऱ्या खडकावर टणकलं की वाळूच्या पातळीला सळईवर घायपाताची दोरी बांधायची. या जागी दोरी आठ हातांवर बांधली होती.

बालवाडीत शिकवणारी मुंबुआ हिशेबी पोर, गटाचे कागद तीच बघायची. दुपारी ती धापा टाकत आली. नकाराचं पत्र कचेरीतल्या कारकुनाच्या खणात अकरा दिवस पडून होतं. तुमचा दर जास्त, काम दुसऱ्याला, एवढंच त्यात होतं. या निर्णयाविरुद्ध, निविदांचे वाद ऐकणाऱ्या नैरोबीच्या मंडळाकडे तक्रार करायला मुदत चौदा दिवसांची.

"तीनच दिस ऱ्हायलेत, माय. त्यांनी मुद्दामच दाबलं."

गटातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हत्तीशी टक्कर कोण घेणार. उद्या हेच साहेब पुढचं काम देणार नाहीत. कवुथाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली की, दर जास्त आहे कारण खड्डा खोल आहे. इथंही शेळ्या बसवायच्या असतील तर मी घरी राहते.

दुसऱ्या पहाटे दोघी बसमध्ये बसल्या. सळई टपावर बांधली. पिशवीत उकडलेला मका-घेवडा, आणि गटाच्या रोजच्या कामाची हजेरीवही. आपल्याला काम येतं हे दाखवायला ती घेतली होती. त्याच दिवशी तक्रार दाखल झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात सुनावणी लागली. दोन्ही वेळा सळई फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवली. भाला आहे का म्हणाला.

सुनावणीत सरकारी वकील आधी बोलला. मुसेम्बीने जागा पाहिली, नदीच्या मधोमध मोजणी केली, तारीख सोळा नोव्हेंबर, खाली सरकारी इंजिनियरची सही. मुंबुआ हे कवुथाच्या कानात सांगत होती. सोळा नोव्हेंबर ऐकताच कवुथाने तिचा हात धरला.

"पोरी, त्या दिवशी तर नदी आलीवती."

तिने वही उघडायला लावली. त्या तारखेला लिहिलं होतं: पूर आला, काम बंद. खाली एकेचाळीस बायकांचे अंगठे.

वकील हसून म्हणाला, की ही वही बाईंच्याच घरची. आणि दोन महिन्यांपूर्वीचा एक दिवस यांना इतका पक्का कसा आठवतो?

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी कवुथाकडे पाहिलं. कवुथा उठली आणि आपल्या भाषेत, देवळात बोलावं तशी बोलली. मुंबुआने तसंच पुढं सांगितलं.

"बाई, नवरा गेल्यापासून माजा नेम हाय. पहाटं नदीवर जायचं, पयली वाटी देवाच्या नावानं ओतायची, मगच माज्या तोंडात पानी. त्या पहाटं पात्रात उतरता येईना, म्हून त्यो दिस ध्यानात हाय. काठावरच उभी ऱ्हायले. बाभळीच्या फांदीपत्तुर पानी व्हतं. हे सायेब मधोमध उभं व्हतं म्हनत्यात. मला तरी कुनी वाहून जाताना दिसलं न्हाई."

अध्यक्षबाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मग सरकारी वकिलाला विचारलं, की नदीच्या पाणीमापकाची त्या दिवसाची नोंद तुमच्याच खात्याकडे असेल ना. ती मागवली. नोंद पुराचीच निघाली.

निकाल आला. मुसेम्बीला दिलेलं काम रद्द. दोन्ही निविदादारांसमोर जागा पुन्हा मोजावी आणि मग नव्याने ठरवावं. काम बायकांना द्या, असं त्यात नव्हतं. म्हाताऱ्या म्हणाल्या, एवढी खटपट करून हातात काय आलं? कवुथा म्हणाली, सळई आली.

मोजणीच्या दिवशी गाव काठावर जमलं. मुसेम्बी छत्रीखाली उभा. मोजणीवर सही करणारा तोच इंजिनियर चकचकीत बुटांनी पात्रात उतरला. कवुथाने पहाटेचा नेम केला होता, वाटी अजून ओली होती. तिने सळई त्याच्या हातात दिली.

दोन हातांवर सळई लोण्यात जावी तशी गेली. तो थांबला आणि त्याने मुसेम्बीकडे पाहिलं. मुसेम्बी छत्रीची मूठ न्याहाळत होता. पाच हातांवर टोक खणखणलं, आणि इंजिनियरचा चेहरा उजळला.

"हा बघा खडक," तो म्हणाला.

काठावरच्या गटातल्या बायका एकदम हसल्या. बारा वर्षांपूर्वी त्यांनीही तसंच म्हटलं होतं.

कवुथा हसली नाही. तिने पदराने त्याच्यासाठी सळईवरची ओली वाळू पुसली आणि दोरीच्या गाठीकडे बोट केलं. गाठ अजून वाळूपासून तीन हात वर होती.

"ती चिकनमाती, सायेब. आमीबी फसलोवतो. दाबा, खडक अजून खाली हाय."