सुनावणी चौदा तारखेला

वासंतीबाईंनी दहा तारखेपर्यंत देश सोडायचा होता, आणि तो का सोडायला लावू नये हे सांगायला सरकारने त्यांना बोलावलं होतं चौदा तारखेला.

ही गोष्ट भालचंद्र खासनिसांच्या लक्षात आली ती नोएडाच्या चार्टर्ड बसमध्ये, नोटीस पोचवायला जाताना. परदेशी नागरिकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या दिल्लीतल्या एका कार्यालयात ते सहायक होते. टपालाने पाठवलेली नोटीस दोनदा परत आली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "खासनीस जी, आप तो नोएडा में ही रहते हैं. रास्ते में दे दीजिएगा."

पाकीट बंद होतं, पण पोच घ्यायची प्रत उघडी होती. दहा फेब्रुवारी १९९७. चौदा फेब्रुवारी १९९७. भालचंद्रांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडे तसेच राहिले.

वासंतीबाई मूळच्या मॉरिशसच्या. पणजोबा रत्नागिरीकडून तिकडच्या उसाच्या मळ्यात गेले ते तिकडचेच झाले, आणि बाई अविनाश बेर्ड्यांशी लग्न करून दिल्लीला आल्या त्या चोवीस वर्षांत इकडच्या झाल्या. पासपोर्ट तेवढा तिकडचा राहिला. "नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी नक्की करू," असं बेर्डे दर वर्षी म्हणत. गेल्या वर्षी जानेवारीत ते वारले, आणि पुढचं वर्षही त्यांच्याबरोबर गेलं. बाई आता सेक्टरमधल्या मुलांना फ्रेंच शिकवत होत्या.

"या भाऊ. पोहे टाकते," मराठी मंडळातल्या तोंडओळखीने दार उघडत वासंतीबाई म्हणाल्या.

"ऑफिसच्या कामाने आलोय, बाई. पाणी चालेल."

पोहे आले. बाईंनी नोटीस वाचायला घेतली. हातात वह्या तपासायचं लाल पेन होतं, ते दोन ठिकाणी थबकलं.

"भाऊ, ही परीक्षा निकालानंतर आहे."

"तुम्ही दहाला जा आणि चौदाला या," भालचंद्र म्हणाले.

"यायला व्हिसा लागेल."

"लागेल."

"मिळेल?"

"प्रकरण चालू असेपर्यंत नाही देत."

"आणि प्रकरण कधी संपणार?"

"सुनावणी झाली की."

बाईंनी कपाटातून एक कागद आणला. "मी मुदतीनंतर राहतेय म्हणे. अहो, परवाना संपायच्या आधीच, गेल्या मार्चमध्ये, अर्ज दिलाय मी. ही तुमच्याच ऑफिसची पोच. बघा."

भालचंद्रांनी दोन्ही हात मागे घेतले. "तो सुनावणीतच दाखवायचा. घरी बघितला तर उद्या कोणी म्हणेल, खासनिसांनी पोहे खाऊन बघितला."

"म्हणजे मी विमानात बसल्यावर बघणार?"

भालचंद्रांनी नोटिशीच्या प्रतीवर बाईंची सही घेतली आणि ते जिना उतरले. चौथ्या पायरीवरून परत वर आले. "मी सल्ला देऊ शकत नाही," ते दारातूनच म्हणाले. "पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येक अर्जाला डायरी नंबर पडतो. आणि नंबर पडला की कारणासह लेखी उत्तर द्यावंच लागतं. हे मी तुम्हाला सांगत नाहीये. सहज बोलतोय."

"सहज ऐकलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भालचंद्रांनी साहेबांना दोन तारखा दाखवल्या. भटनागर साहेब अठ्ठावीस तारखेला निवृत्त होणार होते. समोरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल होता. पंधरा वर्षांपूर्वी एका खोडलेल्या आकड्यावर सही केल्यापायी त्यांची तीन वर्षं चौकशी चालली होती. तेव्हापासून खाडाखोडीवर सही नाही, हा त्यांचा धर्म होता.

"मग नवी नोटीस टाइप करू?"

"जुनी रद्द करावी लागेल. रद्द का केली, ते लिहावं लागेल. खासनीस जी, माझे तेवीस दिवस राहिलेत. जाऊ द्या बाईंना."

घरी कुमुदने, भालचंद्रांच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "आपल्या सोसायटीत लिफ्टमध्ये थुंकणाऱ्यालासुद्धा दंडाआधी मीटिंगला बोलावतात," ती म्हणाली. "तुमचं सरकार सोसायटीच्याही खालचं का?"

सहा तारखेला वासंतीबाईंचा अर्ज आला. इंग्रजीत होता, पण वळण शाळेतल्या रजेच्या अर्जाचं. 'मला १४ तारखेच्या सुनावणीला हजर राहण्याची फार इच्छा आहे. परंतु आपल्याच आदेशाने मला १० तारखेपर्यंत देशाबाहेर जायचे असल्यामुळे मी येऊ शकणार नाही. तरी मला त्या दिवसाची रजा द्यावी व तसे लेखी कळवावे.'

"ही काय इथे नोकरीला आहे?" साहेब म्हणाले. "फाइलला लावून टाका."

"डायरी नंबर पडलाय, साहेब."

"मग लिहा, मंजूर."

"कारण?"

"लिहा काहीतरी कारण."

काहीतरी लिहिणं भालचंद्रांना जमत नसे. त्यांनी खरं होतं ते लिहिलं: 'अर्जदार सुनावणीस येऊ शकत नाहीत, कारण सुनावणीपूर्वीच या कार्यालयाने त्यांना देशाबाहेर पाठवले आहे. सबब रजा मंजूर.' खाली साहेबांच्या सहीपुरती जागा सोडली.

साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "नामंजूर लिहिलं तर?"

"तर बाईंना चौदाला इथे हजर ठेवायची जबाबदारी आपली."

पंखा बंद होता, तरी साहेबांनी कागदावर पेपरवेट ठेवला. कॅलेंडरवरच्या लाल गोलाकडे पाहिलं. खाडाखोडीवर सही केली तर चौकशी होऊ शकत होती. या वाक्याखाली सही केली तर ती झालीच असती.

"नोटीस आणा."

त्यांनी 'दहा तारखेपर्यंत' खोडून तिथे 'सुनावणीत ठरेल त्या तारखेपर्यंत' असं लिहिलं आणि शेजारी मुंगीएवढी सही केली. दुरुस्त प्रत भालचंद्रांनी त्याच संध्याकाळी पोचवली.

चौदा तारखेला वासंतीबाई पावणेदहालाच आल्या. साहेबांनी विचारलं, "आपको क्या कहना है?" बाईंनी पोच टेबलावर ठेवली. साहेबांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग सही पाहिली आणि कागद भालचंद्रांकडे सरकवला.

अकरा मार्च. परवाना संपायला चौदा दिवस बाकी. सही स्वच्छ, सरळ, प्रत्येक अक्षर सुटं: भा. खासनीस.

भालचंद्र उठून रेकॉर्डरूममध्ये गेले आणि अर्ध्या तासाने धुळीने माखून परत आले. अर्ज सापडला होता. बाईंनी त्याच्यावर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला टाचला होता. वरचा कागद पाहून गठ्ठा ठरवायचा, या बावीस वर्षांच्या शिस्तीने भालचंद्रांनी तो 'मृत – प्रकरण बंद' या गठ्ठ्यात लावला होता.

"म्हणजे अकरा महिने मी मेलेली होते," बाई म्हणाल्या. "आणि तरी मुदतीपेक्षा जास्त राहिले."

साहेबांना ठसका लागला. त्यांनी पाणी प्यायलं आणि एका वर्षाचा परवाना द्यायचा हुकूम सांगितला. भालचंद्रांनी फाइलीतलं 'अर्ज आलेला नाही' हे वाक्य, जे त्यांनीच लिहिलं होतं, पट्टी धरून खोडलं.

"शेजारी सही करा, भाऊ," बाई म्हणाल्या. "वाचता येईल अशी."

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "और कुछ कहना है आपको?"

"हो. मी जिवंत आहे, एवढं नोंदवून घ्या."

भालचंद्रांनी ते लिहिलं, आणि खाली तारीख घातली. घालण्याआधी कॅलेंडर दोनदा पाहिलं.