माउथऑर्गनची जागा

फ्रीज घुर्रकन सुरू झाला आणि चांगला रंगलेला टेक वाया गेला.

बाबांनी गिटारच्या तारांवर तळवा ठेवला. मी स्वतःवरच कातावले. प्लग काढून ठेवायचं काम माझं होतं. दूध नासेल म्हणून मधे लावला, तो तसाच राहिला.

"असू दे, सर," टेबलावरच्या फोनमधून दिग्दर्शक म्हणाला. लॉकडाऊनमुळे तो त्याच्या घरी अडकलेला, आम्ही आमच्या. त्यामुळे बाबांच्या ब्लूज गाण्यांच्या मैफलीच्या या फिल्मची कॅमेरावाली मी, लाइटवाली मी आणि लेकीला गप्प बसवणारीही मीच. "फक्त त्या मोकळ्या जागा भरा ना. दर ओळीनंतर तुम्ही थांबता. बघणाऱ्याला वाटेल, नेट गेलं."

"तिथे माउथऑर्गन असतो," बाबा म्हणाले.

माउथऑर्गन म्हणजे बाबांचे दोस्त फुंक्याकाका. बाबांनी ओळ गायची, काकांनी वाजवून तिला उत्तर द्यायचं, बहुधा उलट उत्तरच. तरुणपणापासून दोघांचं हेच चाललेलं. काका हॉस्पिटलात गेले तेव्हा ठरलं होतं, जागा मोकळ्या ठेवायच्या. बरे झाले की ते घरी बसून भरतील. "त्याला म्हणावं, मोजकंच फुंक, गाणं माझं आहे," असा निरोपही बाबांनी धाडला होता.

आजोबा मधेच का थांबतात, असं लेकीने तेव्हा विचारलं. मी म्हटलं, "काका तिकडून वाजवतात. आपल्याला इथे ऐकू येत नाही, एवढंच."

मागच्या आठवड्यात काका गेले. लेकीला सांगायचं राहूनच गेलंय.

"मग एडिटमध्ये कापू या का?" दिग्दर्शक म्हणाला.

"कापायला ती काय काकडी आहे? थांब, मीच भरतो."

बाबांनी ओळ म्हटली. गिटारवरचा हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला. पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. मग खुर्ची वाईट झाली, गिटारची वायर वाईट झाली, शेवटी गाडी माझ्यावर आली.

"तू हलतेस."

"मी हलत नाहीये, बाबा."

"मग श्वास घेऊ नकोस."

बोलून गेले आणि खाली बघत राहिले. काका शेवटी श्वासासाठीच झगडत होते. मी उगाच कॅमेऱ्याची काच पुसली.

"उद्या करू या का, सर?"

"उद्याही हात तिथे थांबणारच," बाबा हळूच म्हणाले. "जागा राहतील, बाळा. चालत नसेल तर फिल्म राहू दे."

फोनमधून बराच वेळ काहीच आलं नाही. या वेळी नेट खरंच गेलं असावं, असं मला वाटायला लागलं.

"जागा राहू देत, सर," तो म्हणाला.

मी फ्रीजचा प्लग काढला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. बाबांनी डोळे मिटून ओळ म्हटली आणि थांबले. त्या शांततेत लेक सतरंजीवरून उठली, पाऊल न वाजवता माझ्यापाशी आली आणि कानाशी कुजबुजली,

"आई, काकांचं झालं का वाजवून?"