दिन्काची लाल छत्री

मित्रांनो, मी एक जुनी लाल छत्री आहे. पण पावसाशी माझा फारसा संबंध आला नाही. माझे बहुतेक आयुष्य मिटलेल्या अवस्थेत, हवेत उंच गेले.

झाग्रेब शहरातल्या एका छत्रीवाल्याने मला घडवले. त्याने लाकडी दांडा घासून गुळगुळीत केला, पोलादी काड्या बसवल्या आणि लाल कापडाच्या काठाला रंगीत पट्टे शिवले. दिन्काने मला घेतले ते केवळ रंगासाठी. शिबेनिक बंदरात जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांना ती गाव दाखवत असे. तिला कामावर ठेवणाऱ्या सहल-एजन्सीने रांगेपुढे धरायला आकडा लिहिलेली पाटी दिली होती. "असल्या पाटीमागे शेळ्यासुद्धा यायच्या नाहीत," असे म्हणून तिने ती घरी ठेवून दिली.

धक्क्याला जहाज लागले की ती मला उंच धरी आणि माझ्यामागे माणसांची रांग निघे. कॅथेड्रलच्या भिंतीवरचे दगडी चेहरे, मग अरुंद गल्ल्या, मग पायऱ्याच पायऱ्या आणि वर किल्ला. तिथून बसने धबधब्याकडे. एका बाईने तर दिन्कापेक्षा माझेच फोटो जास्त काढले. "आता पगारही हिलाच द्या," असे दिन्का हसून म्हणाली. मला फार अभिमान वाटला.

एका वर्षी ऑगस्टमध्ये ऊन असे होते की दगडाला हात लावला तर चटका बसे. एके दिवशीच्या घोळक्यात आयर्लंडच्या दोन वृद्ध बहिणी होत्या. थोरली नूला, धाकटी ब्रेडा. कॅथेड्रलपासूनच त्यांची धुसफूस चालली होती.

"पुन्हा बसलीस? अगं, जहाजावर काय कमी बसतेस?" ब्रेडा म्हणाली.

"बुटात खडा गेलाय."

"काल खडा, परवा खडा! तुझ्या बुटात खाण आहे की काय? तुझ्यापायी मी सगळ्यांत शेवटी पोचते."

"मग जा ना पुढे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ब्रेडा खरोखरच पुढे निघून गेली.

दिन्का घाईत होती. बसचा चालक श्पिरो सारखा फोन करत होता. ती भराभर पायऱ्या चढत होती आणि पुढे बघूनच बोलत होती. मी मात्र तिच्या डोक्यापेक्षा उंच होते, मला मागचे सगळे दिसत होते. नूला भिंतीला हात लावून उभी राहिली. दोन पायऱ्या चढली. पुन्हा थांबली. मग गल्ली वळली आणि ती दिसेनाशी झाली. मित्रांनो, छत्रीला डोळे असून उपयोग नसतो, तोंड लागते.

किल्ल्यावर सगळे समुद्राचे फोटो काढू लागले, तेव्हा ब्रेडाने मागे वळून पाहिले. तिचा चेहरा उतरला. "माझी बहीण कुठे आहे?"

तेवढ्यात पुन्हा श्पिरोचा फोन आला. "दिन्का, येतेस की मी इथेच म्हातारा होऊ?"

"माझं एक माणूस मागे राहिलंय. बाकीच्यांना खाली पाठवते, तू घेऊन जा."

"तुझ्याशिवाय? एजन्सी तुझं सालटं काढेल!"

"काढू दे. मी जाते शोधायला."

लोक कुरकुरले. एका गृहस्थाने तिथल्या तिथे तिचे नाव टिपून घेतले. दिन्का आणि ब्रेडा मात्र उलट दिशेने पायऱ्या उतरू लागल्या. ब्रेडा गल्लीगल्लीत हाका मारत होती. तिचा आवाज चिरकला होता. अखेर एका खिडकीतून लुत्सेमावशीने डोके बाहेर काढले.

"ए दिन्का! ती परदेशी म्हातारी तुझीच ना? माझ्या दारात कोसळली. आत निजवलीय. रोज इथून मिरवत जातेस, मागे कुणी मेलं की जगलं, बघतेस तरी का गं?"

दिन्काने मान खाली घातली. "चुकलं, मावशी."

आत नूला बाकावर पडली होती. तिला काहीतरी सांगायचे होते, पण शब्द धड उमटत नव्हते. ओठाची एक बाजू ओघळली होती. दिन्काने ते पाहिले मात्र, लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला. पण पायऱ्यांवर गाडी येणार कशी? मावशीने शेजारच्या दोघा भावांना हाक मारली. त्यांनी नूलाला खुर्चीत बसवून खुर्ची उचलली आणि खालच्या रस्त्याकडे निघाले. दिन्काने मला उघडले आणि तिच्या तोंडावर सावली धरली. एका वळणावर मी कोपऱ्याच्या दगडावर आदळले आणि माझी एक काडी मोडली. कुणी थांबले नाही. थांबायची ती वेळही नव्हती.

ब्रेडा खुर्चीच्या बाजूने चालत होती. "नूला, ऐकतेस ना? मी तुला खूप बोलले. तूही बोल. घाल शिव्या!"

संध्याकाळी दोघी बहिणींना न घेताच जहाज सुटले. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका आहे, पण वेळेत आणलेत. ब्रेडा दिन्काच्या घरी राहिली. पहिल्या दिवशी पानातल्या माशाला तिने हातही लावला नाही. नूलाच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द निघाला, त्या रात्री मात्र ती पोटभर जेवली. तो शब्द होता, "गाढव!" काही आठवड्यांनी काठी टेकत नूला मायदेशी निघाली, तेव्हा ब्रेडाने तिचा दुसरा हात घट्ट धरला होता.

जहाजावरच्या प्रवाशांच्या तक्रारी एजन्सीकडे पोचल्याच होत्या. दिन्काचे काम गेले. हिवाळाभर मी दारामागे धूळ खात पडले. माझ्या मोडक्या काडीने दिन्काच्या सासूबाई अडगळीतली जळमटे काढत. त्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

वसंतात दिन्काने माझी काडी दुरुस्त करून आणली. आता ती स्वतःच थोड्या लोकांना गाव दाखवते. कुणालाही वाट विचारली तर सापडेल, एवढेच तर आमचे गाव. म्हणून ती पुढच्यांना मोकळे सोडते आणि मला घेऊन सर्वांत शेवटी चालते. कुणी भिंतीला टेकले की तीही टेकते आणि गप्पा मारत बसते.

मित्रांनो, छत्र्या जपून ठेवा, मोडल्या तर दुरुस्त करा. आम्ही पुष्कळ वर्षे टिकतो. आणि चार माणसे घेऊन कुठे निघालात, तर पुढे कोण पोचले ते नंतर बघा. आधी मागे कोण राहिले ते बघा.